परतीचे तास

तिसरा पूल मागे पडल्यावर वहिनी म्हणाली की खोली मिळाली, तळमजल्यावरची. पुढच्या शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी परत. सांगितलं ते अशा आवाजात, की गॅसचा सिलिंडर येऊन पडल्याची बातमी असावी. धाकटीने चालता चालता तिच्याकडे पाहिलं. वहिनीची नजर समोर, कालव्याच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर होती. पावलं रोजचीच, ना रेंगाळणारी ना घाईची.

धाकटी म्हणजे तिची नणंद. पन्नाशी उलटली होती, शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालता घालता चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता, तरी माहेरी ती अजून धाकटीच. दर शनिवारी दुपारी ती भावाच्या घरी यायची. तीनला व्यायामवाला येई आणि साडेचारपर्यंत दादाचे हातपाय हलवून घेई. तेवढा दीड तास वहिनी मोकळी. मग दोघी कालव्याच्या काठाने पाचव्या पुलापर्यंत जायच्या आणि तिथून मागे फिरायच्या. पाचव्या पुलाच्या पलीकडे काय आहे ते सहा वर्षांत दोघींनी पाहिलं नव्हतं. तिथे पोचेपर्यंत पावणेचार झालेले असायचे.

दादा गाडी शिकवायचा. निम्म्या वस्तीचा हात स्टिअरिंगवर पहिल्यांदा त्यानेच बसवला. त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या पायाशी. तो चेष्टेने म्हणायचा की इतरांना शिकवताना माझी चप्पल झिजते, बायकोला शिकवताना ब्रेकच झिजला. वहिनी तीनदा परीक्षेत नापास झाली होती. चौथ्यांदा पास झाली तेव्हा त्याने वस्तीभर पेढे वाटायची धमकी दिली, आणि ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग एका सकाळी दात घासता घासता तो बेसिनवर वाकला आणि वर आलाच नाही. डावं अंग गेलं. वाचा गेली, ती एक शब्द मागे ठेवून. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून जो शब्द तो दिवसाला शंभरदा म्हणायचा, तोच तेवढा राहिला. सावकाश. भूक लागली की सावकाश, उशी टोचली की सावकाश, कुणी भेटायला आलं की सावकाश आणि निघालं की सावकाश. बाहेर रस्त्यावर कुणी जोरात हॉर्न वाजवला की पांघरुणाखाली त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. पहिल्या वर्षी हे पाहून धाकटीच्या डोळ्यांना धार लागायची. आता व्यायामवालासुद्धा हसून म्हणे, साहेबांनी आणखी एकाला वाचवलं.

वहिनीची नोकरी सहलींच्या ऑफिसातली, फोनवरची. शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारला समुद्र लागतो. कुठला, ते त्यांचं त्यांना ठरवता येत नाही. ते वहिनी ठरवायची. त्या ऑफिसात गावांची नावं कुणी घेतच नसे. गाडीला लागणाऱ्या तासांवरूनच सगळं चालायचं. दीडवालं, अडीचवालं, साडेचारवालं. दीडवाल्यात गर्दी, गाडी लावायला जागा नाही, आणि पाणी कुणीतरी आधी त्यात भांडी घासून घेतल्यासारखं. अडीचवालं स्वच्छ, लहान मुलांना बरं, पण रविवारी संध्याकाळी मालाच्या गाड्या रस्त्यावर आल्या की परतायला चार तास. साडेचारवालं सगळ्यात सुंदर, असं जे जाऊन आले ते सांगत. वहिनी कुठेच गेलेली नव्हती. तिथे जायचं तर शेवटी गाडीसकट खाडी ओलांडावी लागे. फेरीबोट सकाळी सातला सुरू आणि संध्याकाळी सहाला बंद. मोबाईल पलीकडे चालत नाही.

बाकीच्या मुली फोनवर विचारायच्या, समुद्र दिसणारी खोली हवी का, किती माणसं, पोहणार का. वहिनीचा पहिला प्रश्न वेगळा. "मागे कोण राहणार आहे?" लोक गोंधळायचे. मग सांगायचे, म्हातारी आई आहे, बहीण बघेल. किंवा कुत्रा आहे. किंवा कुणी नाही. त्यावरून ती तास ठरवायची. तिचं म्हणणं असं की माणूस जाताना किती वेळ लागेल ते विचारतो, आणि समुद्रावर बसून डोक्यात मोजत असतो ते परतीचं. ऑफिसचा मालक या प्रश्नाला सुरुवातीला वैतागला होता. नंतर लोक फोन करून "त्या मागे कोण विचारणाऱ्या बाई" मागायला लागले, तेव्हा तो गप्प बसला. घरी राहणाऱ्याच्या हातात हॉटेलच्या टेलिफोनचा नंबर लिहून द्यायचा, हीसुद्धा तिचीच पद्धत. त्यासाठी ऑफिसने निळ्या चिठ्ठ्यांचं पॅडच छापून घेतलं होतं.

अशा बाईला स्वतःसाठी दोन दिवस निवडायचे होते, आणि कारण होतं दादाच्या पोटरीवरचा फोड.

तीन आठवड्यांपूर्वी व्यायामवाल्याने पायमोजा काढला आणि वहिनीला हाक मारली. फोड बंद्या रुपयाएवढा. आदल्या दिवशी आंघोळीचं पाणी कढत होतं. दादाच्या त्या पायाला काही कळत नाही, त्यामुळे तो हू की चू करणार नव्हता. पण पाण्यात वहिनीचा हात होता. दर वेळी ती कोपरापर्यंत हात घालून बघते, त्या दिवशीही घातला होता. हात लाल झालेला तिने संध्याकाळी ताट वाढताना पाहिला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, थकलात का तुम्ही. ती म्हणाली, नाही, थकल्यासारखं काही वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, मग काय वाटतं. तिने बराच वेळ विचार केला. रांगेतल्या पुढच्या पेशंटने दार वाजवलं तरी तिला काही सापडलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर मलमाच्या खाली लिहून दिलं, दोन रात्री घराबाहेर. पुढच्या वेळी फोडावर भागणार नाही, असं त्यांनी सोबत आलेल्या धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं. धाकटीने तिथेच कबूल केलं की दोन दिवस ती राहील. कबूल करताना तिच्या मनात आलं की हे आपण सहा वर्षांत आपणहून एकदाही म्हटलं नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती दादाचं नाव घ्यायची. वहिनीचं घ्यायचं राहूनच गेलं होतं. घराच्या भिंतीचं नाव कोण घेतं?

"तळमजल्यावरची कशाला?" धाकटीने आता विचारलं. "वरून समुद्र दिसतो ना?"

 वहिनीने सांगितलं ते असं. तिने दीडवाल्या हॉटेलात फोन लावला. तिकडच्या माणसाशी दहा वर्षांची ओळख. तो म्हणाला बोला, आणि ती बोलत गेली. पायऱ्या नकोत, दाराशी उतार हवा, न्हाणीघराचं दार रुंद हवं, आत धरायला दांडी हवी, पलंग भिंतीला लागून नको, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. त्याने सगळं लिहून घेतलं. अशी एकच खोली होती, मागच्या बाजूची, खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा आणि धुण्याच्या दोऱ्या. ती म्हणाली चालेल. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काकांनाही नेताय का? तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"मग बदलून घेतलीस ना?"

"राहू दे म्हटलं. दांडी असलेली बरीच."

धाकटीला हसू आलं आणि ते अर्ध्यावर अडकलं, कारण वहिनी हसत नव्हती. रुसलेलीही नव्हती. चौथ्या पुलाशी सिमेंटचा बाक होता, तिथे धाकटीने तिला हाताला धरून बसवलं. एरवी त्या तिथे बसत नसत. दीड तासात बाकाला जागा नव्हती. कालव्याचं पाणी उतरलेलं होतं, कडेला एक फुटकी बादली चिखलात रुतलेली. वहिनी त्या बादलीकडे बघत राहिली.

धाकटी म्हणाली की आपण पुन्हा पहिल्यापासून ठरवू. तुला काय आवडतं ते सांग. वाळू आवडते की खडक? गर्दी हवी की शांतता? वहिनी म्हणाली, दोन्ही चांगलंच आहे. सकाळी उशिरा उठावंसं वाटतं का? उठलं काय नि झोपलं काय. नुसतं बसावंसं? ते इथेही बसलेच आहे की. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे होतं ते ती सांगत होती. रिकामा डबा उघडून दाखवावा तसं.

धाकटी हरली. मग तिला एक सुचलं. तिने अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाशी धरली, लहानपणी दादाबरोबर टेलिफोन खेळायची तशी, आणि म्हणाली, "हॅलो, सहलीचं ऑफिस का? एका बाईसाठी दोन रात्री समुद्रावर हव्यात."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, लांब एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. आणि मग ज्या आवाजात ती रोज सकाळी दहा ते दोन बोलते, त्या आवाजात म्हणाली, "मागे कोण राहणार आहे?"

"नवरा. अंथरुणाला खिळलेला."

"त्यांच्याजवळ कोण?"

"नणंद."

"भरवशाची आहे का?"

"बोलते जरा जास्त," धाकटी म्हणाली. "पण औषधं वेळेवर देईल. उचलून बसवायचं शिकली आहे. दिवसाची बाई आहेच जोडीला."

"त्या बाई याआधी कधी गेल्या होत्या?"

"सहा वर्षं नाही."

वहिनी थांबली. फोनवर ती अशीच थांबत असणार, समोर कागद ओढून. मग म्हणाली, "त्यांना दीडवालं देऊ नका."

धाकटीने करंगळी खाली घेतली नाही. का, म्हणून विचारलं.

वहिनीने त्याच आवाजात सांगितलं. मागच्या वर्षी अशीच एक बाई होती. आई आजारी, मागे भाऊ. वहिनीने तिला दीडवालं दिलं, जवळचं आहे, जिवाला घोर नको म्हणून. ती बाई शुक्रवारी सात वाजता पोचली. साडेसातला भावाचा फोन आला, आईचा जाड टॉवेल कुठे ठेवलाय. बाईने सांगितलं कपाटात. आठला पुन्हा, कुठल्या कपाटात. सव्वाआठला ती गाडीत बसली आणि दहाच्या आत घरी. तिने तक्रार केली नाही, उलट सोमवारी ऑफिसात फोन करून आभार मानले, फार जवळचं दिलंत म्हणून. त्या वेळी वहिनीला ते बरोबरच वाटलं होतं.

"दीडवाल्याहून माणूस परत येतो," वहिनी म्हणाली. "अशा बाईला साडेचारवालं द्यायला हवं होतं. सहाची बोट गेली की मग टॉवेल ज्याचा त्याने शोधायचा."

"मग दे की तिला," धाकटी म्हणाली.

तिला वाटलं होतं, एवढ्यावर वहिनीच्या तोंडावर काहीतरी उमटेल. काही उमटलं नाही. वहिनीने पिशवीतून फोन काढला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा दीडवाल्याला लावून खोली रद्द केली. दहा वर्षांच्या ओळखीचा माणूस काहीतरी विचारत होता, ती म्हणाली, नाही, सगळे बरे आहेत. मग साडेचारवाल्याला लावला. तिकडच्या बाईला कमी ऐकू येत असावं, कारण वहिनीला सगळं दोनदा सांगावं लागलं. एकच माणूस. हो, एकच. खोली कुठलीही चालेल. मग धाकटीने कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाली, समुद्राच्या बाजूची. पायऱ्या चालतील.

तेवढ्यात चार वाजत आले. त्या दिवशी पाचवा पूल झालाच नाही. चौथ्यावरूनच त्या मागे फिरल्या.

परतताना वहिनी गाडीबद्दल बोलली. दादाचीच गाडी, दोन ब्रेकवाली. सहा वर्षं ती ऑफिस, दवाखाना आणि बाजार एवढीच फिरली होती. वाटेत डोंगराचा चढ आहे, वळणं आहेत, आणि पलीकडच्या ब्रेकवर पाय ठेवायला कुणी नाही. भीती वाटते का, धाकटीने विचारलं. वहिनी म्हणाली, वाटायला हवी, नाही? मग थोड्या वेळाने म्हणाली की चाकांतली हवा मात्र बघून घेतली पाहिजे. धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि या खेपेला वहिनीसाठी घेतलं. काय मागावं ते नीट सुचेना. तिला काहीतरी वाटू दे, एवढंच म्हणाली. ते चांगलंच असेल असंही नाही, हे तिला कळत होतं.

घरी व्यायामवाला पिशवी भरून दाराशी उभा होता. दादाला खुर्चीत बसवलं होतं, खिडकीपाशी. फोडाची जागा आता तांबूस आणि गुळगुळीत झाली होती. धाकटीने त्याला सांगितलं की पुढच्या आठवड्यात दोन दिवस मी आहे, तुझी बायको समुद्रावर जाते आहे, साडेचारवाल्याला, तू मुकाट्याने माझ्या हातचं खायचं. तो वहिनीकडे बघत म्हणाला, सावकाश. वहिनीने त्याच्या मांडीवरची चादर सारखी केली आणि हो म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा हो म्हटलं. त्या एका शब्दाचे शंभर अर्थ तिला लागतात असं सगळे म्हणत. तो काय म्हणाला, असं धाकटीने हळूच विचारलं तेव्हा ती म्हणाली, कळलं नाही.

चहा झाला. वहिनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडले. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, दिवसाच्या बाईचा नंबर, शेजारच्या शिंप्याचा नंबर, कारण दादाला जमिनीवरून उचलायचं झालं तर एकट्या बाईचं काम नाही. आंघोळीच्या पाण्यात घालायचं थर्मामीटर तिने नवीन आणलं होतं. त्यावर जिथे थांबायचं तिथे नखाला लावायच्या लाल रंगाने रेघ ओढलेली होती. जाड टॉवेल, पातळ टॉवेल, तोंड पुसायचं फडकं, सगळं तिने धाकटीला कपाट उघडून दाखवलं. दोनदा दाखवलं.

मग पिशवीतून निळं पॅड काढलं. हॉटेलचं नाव लिहिलं, खोली नंबर नऊ, आणि खाली टेलिफोनचा नंबर, आकडे सुटे सुटे आणि ठसठशीत, म्हाताऱ्यांना वाचता येतील असे. ऑफिसात लिहायची तसेच. चिठ्ठी फाडली, फ्रिजपाशी गेली, चुंबकाखाली लावली आणि तिथेच उभी राहिली, धाकटीकडे पाठ करून.

"नंबर द्यायची पद्धत आहे म्हणून दिला," ती म्हणाली.

धाकटी म्हणाली, बरं केलंस.

"धाकटे, माझं एक काम कर." तिचा आवाज दुपारपासून होता तसाच होता, सपाट. फ्रिजच्या दारावरचा हात मात्र तिने काढला नाही. "शुक्रवारी सहाची बोट गेली की रविवारी सकाळची सातची सुटेपर्यंत या नंबरावर फोन करू नकोस. टॉवेल सापडला नाही तरी नको. ताप आला तर डॉक्टरांना बोलाव, मला नको. पडला तर शिंप्याला हाक मार. आणि त्याहून काही झालं..." आत दादाने खुर्चीत पाय हलवला, बाहेरून कुणाचा तरी हॉर्न आला होता. हॉर्न थांबेपर्यंत ती थांबली. "तो तुझा सख्खा भाऊ आहे, मला कळतं मी काय मागते आहे. त्याहून काही झालं तरी रविवारी सांग. मी सातच्या बोटीला रांगेत पहिली असेन. तोपर्यंत मला कळू देऊ नकोस."